वाढप्याची पळी

हंगामाच्या सणाला आमच्या चर्चमध्ये कोंबडा आरवला तरी त्याला कुणी बाहेर काढत नाही. वर्षातून एवढा एकच दिवस त्याला ती मुभा. प्रभुभोजनाच्या मेजासमोर बाजरीची पोती, भोपळे, उसाची मोळी, टोपलीत अंडी आणि पाय बांधलेले दोन-तीन कोंबडे असा सगळा संसार मांडलेला असतो. पाळकसाहेबांचा उपदेश कशावरही असो, मध्येच एखादा कोंबडा आरवला की बाकांवर हसू फुटतं, कारण प्रत्येकाला कोंबडा आरवण्याआधी प्रभूला नाकारणारा पेत्र आठवतो. उपासना संपली की अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. एक गावरान अंडं चढाओढीत पन्नास रुपयांना जातं, आणि लहान मुलं ज्याची सकाळपासून वाट पाहत असतात ते प्रीतिभोजन सुरू होतं.

रश्श्याची बादली पहिल्यांदा माझ्या हातात आली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावातली आमची मंडळी. मी नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. पंचांपैकी एकानं खांद्यावर हात ठेवून 'आता जरा सेवेत या' म्हटलं आणि बादली दिली. भात-भाकरी वाढणाऱ्याकडे पंगतीत कुणी मान वर करून बघत नाही. मटणाच्या बादलीचं तसं नसतं. ती लांबून येताना दिसली तरी पत्रावळीवरचे हात थांबतात. बादली धरणाऱ्याला एक गुपितही लवकर कळतं. पळी वरच्यावर फिरवली तर तर्री येते, तळाला नेली तर फोडी येतात.

मी ती कुणासाठी तळाला नेली, ते सांगतो. चुलत्यांसाठी नेली. आमच्या हेडमास्तरांसाठी नेली. मंडळीच्या सेक्रेटरींसाठी तर नळी शोधून काढली, कारण त्यांची मुलगी लग्नाची होती. आता ते लपवून काय उपयोग? असं करत करत शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो बादलीत रस्साच राहिला होता. त्या ओळीत नदीपलीकडच्या वस्तीवरची तीन-चार कुटुंबं होती. ती मंडळीत अलीकडेच आलेली. त्यांच्या शेजारी, अगदी टोकाला, एक विधवा म्हातारी बसली होती. दर शनिवारी संध्याकाळी चर्च झाडायला तीच यायची. झाडायचे पैसे तिला कुणी देत नव्हतं आणि तिनं कधी मागितलेही नव्हते. तिच्या पत्रावळीवर मी दोन पळ्या रस्सा ओतला. दुसऱ्या फेरीला पुन्हा तिच्यापाशी आलो तेव्हा ती हसून, हळूच म्हणाली, "मास्तर, तुझी पळी मानूस वळखती रं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी 'ज्या तरुणांनी वाढण्याची सेवा मनापासून केली' त्यांचे आभार मानले गेले. त्यात माझं नाव होतं. मी मान खाली घालून बसलो, आणि लोकांना तो विनय वाटला.

पुष्कळ वर्षांनी मोठ्यांच्या शब्बाथशाळेत प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय शिकवायची पाळी माझ्यावर आली, आणि ती म्हातारी पुन्हा समोर येऊन बसली. गोष्ट तीच होती, फक्त गाव यरुशलेम. तिथली मंडळी नवी, उत्साही. रोज अन्न वाटलं जायचं. पण कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्या यहुदी कुटुंबांतल्या विधवा वाटपातून सुटत होत्या. स्थानिक भाषा बोलणाऱ्या विधवांना मात्र पोचत होतं. मुद्दाम कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. मी तरी कुठं मुद्दाम केलं होतं? वाढपी ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसलं तरी चालतं असं आपण म्हणतो. यरुशलेमच्या त्या विधवा टोकाला बसल्या होत्या आणि वाढपी ओळखीचे नव्हते. एवढंच घडलं होतं.

प्रेषितांनी त्यावर जे केलं ते आमच्या मंडळीनं केलं असतं का, याची मला शंका आहे. आम्ही एक समिती नेमली असती. तिच्यात आमच्यातले चार आणि 'त्यांच्यातला एक प्रतिनिधी' घेतला असता, आणि चहा झाल्यावर अहवालासाठी पुढची तारीख दिली असती. प्रेषितांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची यादी अध्यायात दिलेली आहे आणि सातही नावं ग्रीक आहेत. त्यांतला शेवटचा, अंत्युखियाचा, तर जन्मानं यहुदीही नव्हता. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच हातात पळी गेली. हा अध्याय 'मंडळीची व्यवस्था' या मथळ्याखाली शिकवतात आणि ही गोष्ट हातातून निसटते.

या सातांपैकी स्तेफनाला पुढं दगडमार करून मारलं ते आपल्याला माहीत आहे. फिलिप्पाची गोष्टही माहीत आहे, तो शोमरोनात गेला आणि रथातल्या कुशी अधिकाऱ्याला भेटला. उरलेल्या पाच जणांबद्दल कृत्यांच्या पुस्तकात पुढं एक अक्षर नाही. त्यांनी उपदेश केल्याचं, चमत्कार केल्याचं, मार खाल्ल्याचं कुठं लिहिलेलं नाही. ते वाढत राहिले असणार. मंडळीच्या साध्या सभासदाला शास्त्रात आपलं गोत्र शोधायचं असेल तर ते या पाच जणांत शोधावं असं मला वाटतं.

त्या वेळी आमच्याकडे जे पाळक होते ते सेमिनरीत ग्रीक शिकलेले होते. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फळ्यावर खडूनं एक शब्द लिहिला, 'दियाकोनिया', आणि म्हणाले, "मास्तर, गंमत बघा. या अध्यायाच्या सुरुवातीला रोजच्या अन्नवाटपाला हा शब्द आहे, आणि चार ओळी खाली प्रेषित आपण वचनाची सेवा करू म्हणतात तिथंही हाच आहे. पंगत वाढणं आणि उपदेश करणं, हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं दोन्हीला एकच शब्द वापरला." मी विचारलं, "मग आपण दोन का केले?" ते हसले आणि खडूचे हात झटकत म्हणाले, "आपल्याकडे एकाला मानधन असतं ना."

तेव्हापासून 'सेवक' हा शब्द कानावर आला की मी जरा थबकतो. आमच्या बोलण्यात 'प्रभूचे सेवक' म्हणजे व्यासपीठावरचे. बाहेरगावचे प्रभूचे सेवक येणार असले की त्यांच्यासाठी चांगली खुर्ची, हार, बिसलेरीची बाटली. ती खुर्ची कोपऱ्यातून उचलून, पुसून व्यासपीठावर नेणारा मुलगा मात्र 'मदत करणारं पोरगं'. या बाबतीत पाळकांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हालाच ते सोयीचं आहे. एका माणसाला सेवक ठरवून टाकलं की बाकीच्या दीडशे जणांना बाकावर बसून त्याच्या सेवेला मार्क देता येतात. मार्टिन ल्यूथरनं १५२० साली लिहिलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे. पाचशे वर्षं होऊन गेली, तरी घरी कुणी आजारी पडलं की आम्ही शेजारच्या बाकावरच्या माणसाला हाक मारत नाही. पाळकांना फोन लावतो, आणि ते दोन दिवसांत आले नाहीत तर रुसतो.

त्याच पाळकांनी मला एक छंद लावला. ग्रीक शब्दांचा कोश हाताशी ठेवायचा आणि मार्ककृत शुभवर्तमानात 'सेवा करणे' हे क्रियापद कुणाकुणाला लागलं आहे तिथं पेन्सिलीनं खूण करायची. खुणा फारच थोड्या होतात. पहिली खूण अरण्यातल्या देवदूतांना. दुसरी पेत्राच्या सासूला, तिचा ताप उतरला आणि ती उठून त्यांची सेवा करू लागली तिथं. मग थेट येशूला, आपण सेवा करून घ्यायला आलो नाही, करायला आलो, असं तो स्वतःबद्दल सांगतो तिथं. आणि शेवटची वधस्तंभापासून लांब उभं राहून पाहणाऱ्या स्त्रियांना, ज्या गालीलापासून त्याची सेवा करत आल्या होत्या. देवदूत, एक सासू, स्वतः प्रभू आणि काही बायका. बारा शिष्यांपैकी एकालाही मार्कनं हे क्रियापद लावलेलं नाही. सेवक व्हा, असं त्यांना सांगितलं गेलं. ते झाले, असं मार्क कुठं म्हणत नाही.

हे मी महिला संघात सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, बायका भारावतील. एक बाई पटकन म्हणाल्या, "तापातून उठल्या उठल्या चुलीपाशी! जावई आला होता ना घरी." सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण नंतर वाटलं, यात हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. आमच्या मंडळीत सेवेची वाटणी बघा. पंचात नऊ जण, त्यांत एक किंवा दोन बायका. स्वयंपाकाला, फरशी पुसायला, प्रभुभोजनाचे पेले धुवायला मात्र सगळ्या बायका. शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळून, गाळून, थंड करून द्राक्षरस करायचा, पावाचे एकसारखे तुकडे कापायचे, पांढऱ्या मेजपोशाला इस्त्री करायची. हे सगळं कोण करतं ते सूचनांच्या कागदावर कधी येत नाही. ते इस्त्री केलेलं कापड अलगद उचलून घडी घालणारे पंच मात्र सर्वांना दिसतात. मी ती घडी वर्षानुवर्षं घातली आहे, म्हणून बोलतो.

पाय धुण्याचंही असंच. लूकच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्य आपापसांत मोठा कोण यावर वाद घालत होते. येशूनं त्यांना विचारलं ते पंगतीच्या भाषेतच: जेवायला बसलेला मोठा की वाढणारा? आणि मी तुमच्यात वाढणाऱ्यासारखा आहे म्हणाला. योहानानं तो वाद सांगितला नाही, त्यानं कमरेला रुमाल गुंडाळलेला येशू दाखवला. आपण दर पवित्र गुरुवारी त्याची आठवण करतो. बारा जण निवडले जातात. ते घरून स्वच्छ पाय धुऊन, नवे मोजे घालून येतात. पाळकसाहेब त्या धुतलेल्या पायांवर पाणी घालतात. मलाही एकदा निवडलं होतं. आदल्या रात्री मी नखं काढली, टाचा दगडानं घासल्या. म्हणजे जे काम प्रभूनं केलं असतं ते मीच घरी उरकून आलो. कॅथलिक मंडळींत २०१६ पासून या विधीत स्त्रियांचेही पाय धुता येतात, पोप फ्रान्सिस यांनी तसा नियम बदलला. ते चांगलंच झालं. पण तिथंही पाय धुतलेलेच येत असणार, अशी मला दाट शंका आहे.

मंडळी आपापल्यांनाच वाढत बसली असती तर ख्रिस्ती धर्म यरुशलेमच्या एखाद्या गल्लीतच राहिला असता. इ.स. २५१ च्या सुमारास रोमच्या बिशपांनी लिहिलेल्या एका पत्रात त्या शहराच्या मंडळीच्या आधारानं जगणाऱ्या विधवा आणि गरजूंचा आकडा येतो, पंधराशेहून जास्त. तेव्हा मंडळीला राजाश्रय नव्हता, उलट छळ चालू होता. पुढं शंभर वर्षांनी सम्राट ज्युलियन झाला. त्याला जुने देव परत आणायचे होते. ३६२ च्या सुमारास त्यानं आपल्या एका मुख्य पुरोहिताला चिडून कळवलं की हे गालीलकर स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांकडून मात्र आपल्यालाच मदत होत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. ख्रिस्ती सेवेला मिळालेलं हे प्रशस्तिपत्र मला सगळ्यांत खरं वाटतं, कारण ते देणाऱ्याची द्यायची इच्छा नव्हती. त्या काळच्या बहुतेक वाढप्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांच्या पळीला माणसाची ओळख नव्हती, हे सम्राटाच्या पत्रावरून कळतं.

आपल्याकडे यायचं तर मला रेव्हरंड टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचं घर जास्त आठवतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी, १९०० साली. मधली काही वर्षं त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या. दुसऱ्याच्या हातचं पाणी नाही, स्वयंपाक वेगळा. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे सोवळं एकेक पदरानं कसं सुटत गेलं ते दिसतं.  पुढं त्याच घरात दुष्काळातली अनाथ मुलं आली, वेळी-अवेळी टिळकांनी आणलेले पाहुणे आले, कोण कुठला हे न विचारता पानं वाढली गेली. कविता आणि कीर्तनं टिळकांची. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढणारेही तेच. पण दरबार म्हटला की माणसं येणार, आणि आलेल्या माणसाला जेवायला लागतं. पळीची ओळख पुसण्याचं काम लक्ष्मीबाईंनी आपल्याच स्वयंपाकघरात केलं, आणि त्यासाठी त्यांना आधी स्वतःशी भांडावं लागलं.

केडगावच्या मुक्ती मिशनचंही असंच आहे. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, हेही पुष्कळांना ठाऊक. त्यांनी बायबलचं मूळ भाषांवरून मराठी भाषांतर केलं. ते पुरं होता होता, १९२२ साली, त्या गेल्या, आणि ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात काम करणाऱ्या बायका दुष्काळातून वाचलेल्या होत्या. आल्या तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. ज्यांना कधीतरी कुणीतरी वाढलं होतं त्यांनी पुढं खिळ्याला खिळा लावून शास्त्र छापलं.

मला स्वयंपाक येत नाही, गाता येत नाही. माझं अक्षर चांगलं आहे. निवृत्त झाल्यावर मी चर्चच्या ओसरीवर दर मंगळवारी सकाळी बसायला लागलो, अर्ज भरून द्यायला. संजय गांधी निराधार योजना, श्रावणबाळ योजना, हयातीचा दाखला, तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव. आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आणि बाई तिसरीच सांगते. यात अध्यात्म कुठं आहे, असं मला एका सुशिक्षित सभासदानं विचारलं. मी त्यांना म्हटलं, विधवेला महिन्याचे पैसे वेळेवर मिळावेत हा विषय प्रेषितांना पुरेसा आध्यात्मिक वाटला होता.

दोन-तीन महिन्यांत ओसरीवर आमच्या मंडळीच्या बायकांपेक्षा बाहेरच्याच जास्त यायला लागल्या. धनगर आळीतल्या, मुसलमान मोहल्ल्यातल्या, पारावर बसणाऱ्या एका बुवांची बहीणसुद्धा. तेव्हा एकानं सुचवलं, "मास्तर, आलेच आहेत तर आधी पाच मिनिटं प्रार्थनेला बसवा, मग अर्ज." सुचवणारा माणूस वाईट नव्हता. पण मला बादली आठवली. कुणी आपणहून प्रार्थना मागितली तर मी करतो, आनंदानं करतो. अर्ज भरून घ्यायला आलेल्या बाईला आधी प्रार्थनेला बसवलं की तिच्या मनात हिशेब सुरू होतो, की या सहीची किंमत ही. मग ती सेवा राहत नाही. हा माझा निकाल आहे, आणि मंडळीत काही जणांना तो अजून मान्य नाही.

एक कबुली मात्र द्यायला हवी. वाढायला मला जितकं आवडतं तितकं पान पुढं करायला आवडत नाही. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा ते कळलं. दवाखान्यात मंडळीतले सहा जण भेटायला आले आणि सहाही जणांनी पलंगाभोवती उभं राहून प्रार्थना केल्या. शेवटच्या बंधूंनी उत्पत्तीपासून सुरुवात केली ते प्रकटीकरणापर्यंत थांबले नाहीत. सिस्टर दोनदा दारात येऊन गेली. त्यांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्याच वेळी नदीपलीकडच्या वस्तीवरची एक सून, त्याच शेवटच्या ओळीतल्या घरातली, आली. तिनं कोपऱ्यातला थर्मास उचलला, खाली जाऊन चहा आणला, डब्यातली खरकटी भांडी नळावर धुतली, माझ्याकडून घराची किल्ली मागितली आणि गेली. संध्याकाळी घरी पोचलो तर केर काढलेला, पिण्याचं पाणी भरलेलं, कुंड्यांनाही पाणी घातलेलं. मला आधी कृतज्ञता वाटलीच नाही. मला अवघडल्यासारखं झालं. माझ्या घरात शिरून तिनं माझी भांडी पाहिली, माझा पसारा पाहिला. इतकी वर्षं लोकांच्या घरची अडचण मी अर्जाच्या कागदावर वाचत होतो, तेव्हा त्यांना काय वाटत असेल हे मला त्या दिवशी समजलं. पेत्राला पाय धुऊन घ्यायला का नको वाटलं असेल, तेही.

आता पुन्हा त्या म्हातारीकडे. ती गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. पावसाळा होता, दफनभूमीत चिखल होता, कबर खणताना पाणी भरत होतं, आणि तरुण संघातल्या मुलांनी बादल्यांनी ते उपसलं. तिला दोन ओळींचीही श्रद्धांजली कुणाला सुचेना, कारण तिनं मंडळीत कुठलंही पद भूषवलं नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणी बोलणार का? मी उभा राहिलो आणि पळीची गोष्ट सांगितली. मंडळीत त्याआधी ती मी कुणालाच सांगितली नव्हती. सेक्रेटरींची मुलगीही तिथंच, माझ्या शेजारी उभी होती. लग्न तिच्याशीच झालं माझं. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ती नळी माझ्या बाबांना होती होय."

पुढच्या शनिवारी चर्च झाडायचं कुणी, हा प्रश्न आला. पंचांच्या बैठकीत पगारी माणूस ठेवायचा ठराव झाला. तेवढे पैसे नाहीत म्हणून तो महिनाभरात बारगळला. तोवर चार-पाच घरांनी पाळी लावून घेतली होती. आमच्या घराची पाळी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येते. बाकाखालून केर काढताना पंख्यांकडे लक्ष जातं. प्रत्येक पंख्याच्या मधल्या तबकडीवर नाव रंगवलं आहे, अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून सप्रेम भेट. उन्हाळ्यात तो पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, गार वारा तेवढा सगळ्यांना लागतो. झाडूला नाव घालायची सोय नाही, त्यामुळे झाडू अजून कुणी भेट दिलेला नाही. आम्ही दोनशे रुपयांचा विकत आणतो.

पंगतीचा नियम बदलायला मला आणखी वेळ लागला. पंचात असताना मी सुचवलं की प्रीतिभोजनाला वाढणारे दर वर्षी वस्तीवरच्या मुलांतून घ्यावेत आणि बादली टोकाच्या ओळीपासून फिरावी. हसले काही जण. एक जण म्हणाले, पाहुणे पुढच्या ओळीत बसतात, त्यांना उशीर होईल. झाला तर होऊ दे, असं पाळकसाहेब म्हणाले आणि विषय संपला.

गेल्या हंगामाच्या सणाला वस्तीवरचा एक मुलगा बादली घेऊन शेवटच्या ओळीपासून निघाला. माणसं अंदाजापेक्षा जास्त आली होती. पुढच्या ओळीपर्यंत येईतो फोडी संपल्या, आणि आमच्या भावकीनं त्या दिवशी रश्श्यात भाकरी चुरून खाल्ली.